ऐंशीव्या वर्षीचं नवं गाणं : रोलिंग स्टोन्सना खुलं पत्र

मुंबई, १८ डिसेंबर २०२३

मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वुड यांस,



आज कीथ ऐंशी वर्षांचे झाले. मिक यांनी जुलैमध्येच ऐंशी गाठली. रॉनी, तुम्ही शहात्तरचे, म्हणजे मंडळींत धाकटे. कीथ यांना वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पण या पत्राचं कारण 'हॅकनी डायमंड्स' आहे. हा अल्बम २० ऑक्टोबरला आला तेव्हापासून माझ्या घरात दुसरं फारसं काही वाजलेलं नाही. इतके आठवडे ऐकल्यावर मनात जे पक्कं झालं, ते चारचौघांत सांगावंसं वाटलं. पत्रावरचं नाव तुमचं आहे, पण लिहितो आहे मराठीत. इथेही तुमची गाणी ऐकत केस पांढरे झालेली माणसं आहेत, त्यांची मुलं-नातवंडं आहेत आणि 'अजून किती दिवस वाजवणार हे लोक?' असं विचारणारेही पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांनी हे वाचावं असा हेतू आहे.

सांगायचं ते थोडक्यात असं. तुम्ही आठवणींवर निभावून नेलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. तुम्ही नवं काम केलंत आणि ते चोख केलंत. एका चाहत्याला याहून मोठी भेट दुसरी नाही.

२००५ सालच्या 'अ बिगर बँग'नंतर नव्या गाण्यांचा तुमचा अल्बम आलाच नव्हता. मध्ये २०१६ साली 'ब्लू अँड लोन्सम' आला. तीन दिवसांत रेकॉर्ड केलेला तो सुरेख अल्बम होता, पण त्यातली सगळी गाणी दुसऱ्यांची, जुनी ब्लूज. २०२० साली जग घरात कोंडलेलं असताना 'लिव्हिंग इन अ घोस्ट टाउन' हे एकच गाणं आलं. दौरे मात्र चालू होते, स्टेडियमं भरत होती आणि लोक १९६५ चं 'सॅटिस्फॅक्शन', १९६९ चं 'हॉन्की टॉन्क विमेन' ऐकून खूश होऊन घरी जात होते. त्यात २०१९ साली मिक यांच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली. २४ ऑगस्ट २०२१ रोजी तुमचे ढोलवादक चार्ली वॉट्स गेले. त्या दिवशी माझ्यासारख्या अनेकांनी मनाशी कबूल करून टाकलं, की आता जे काही येईल ते जुनं सामान झाडूनपुसून काढलेलं असेल.

तरीही हे पटत नव्हतं, याला कारण आमचे कान ज्या संगीतावर घडले ते संगीत. आमच्याकडे ऐंशीच्या घरातला गवई मैफलीला बसला तर कुणी भुवया उंचावत नाही. भीमसेन जोशी २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात गायले तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे होते. किशोरी आमोणकर ऐंशी ओलांडल्यावरही मैफली करत होत्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या उतारवयातल्या गाण्यावर जीव टाकणारे जाणकार आजही भेटतात. वयानं आवाजातलं काही हिरावून घेतलं तरी गाण्याची समज वाढलेली असते, आणि श्रोता त्या समजेसाठी येतो.

रॉकला हा न्याय कधी मिळाला नाही. तो तरुणांचा कारखाना मानला गेला. तुम्ही तिशी ओलांडलीत तेव्हापासून तुमच्या वयाची गणितं मांडली गेली. पण ख्याल आणि रॉक यांत एक मोठा फरक आहे, आणि तोच मला या अल्बमपर्यंत घेऊन येतो. ख्याल गाणारा तोच यमन आयुष्यभर गातो, पण दर मैफलीत तो नव्यानं उभा करतो. राग जुना असतो, त्या रात्रीची बढत ताजी असते. रॉकचं गाणं असं नसतं. त्याचा सुरुवातीचा गिटारचा तुकडा ठरलेला, शब्द ठरलेले, लांबी जवळपास ठरलेली. लोकांना ते रेकॉर्डवर होतं तसंच हवं असतं. म्हणून रॉक बँडनं जिवंत राहायचं तर नवी गाणी बांधण्यावाचून उपाय नाही. दौरे कितीही केले तरी ही गरज भागत नाही. अठरा वर्षं तुम्ही वाजवत होतात, तरी आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं ते यामुळेच.

६ सप्टेंबरला लंडनच्या हॅकनी एम्पायर थिएटरात तुम्ही अल्बमची घोषणा केलीत आणि त्याच दिवशी 'अँग्री' ऐकायला मिळालं. ढोलांचे मोजके ठोके, आणि त्यावर कीथ यांची गिटार. पहिल्या काही सेकंदांतच हात कुणाचा आहे ते कळतं.

कीथ, तुमच्या गिटारीबद्दल इथल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीस तुम्ही सहा तारांपैकी सर्वांत जाड तार काढूनच टाकलीत आणि उरलेल्या पाच वेगळ्या पद्धतीनं लावायला लागलात. आमच्या भाषेत बोलायचं तर त्या तारा खालून वर सा, प, सा, ग, प अशा लागतात. पंचमात लावलेल्या तंबोऱ्याशेजारी बसून वाढलेल्या माणसाला यातलं मर्म चटकन समजतं. कुठेही बोट न ठेवता हात फिरवला तरी एक पूर्ण, सुरेल झंकार उठतो. एक बोट आडवं टाकलं की तो अख्खा झंकार वर सरकतो. मग उरलेल्या दोन बोटांनी स्वर घालायचे आणि काढायचे. 'ब्राउन शुगर', 'स्टार्ट मी अप' ही गाणी या जुळणीतूनच आली. षड्ज-पंचम सतत मागे वाजत असल्यामुळे तुमचा ठोसा कितीही रांगडा असला तरी त्याला जमीन असते. तुमची नक्कल करणाऱ्यांनी सहा तारांवर तेच स्वर वाजवले तरी ते तसं ऐकू येत नाही, ते का, हे मला ही जुळणी समजल्यावर उमगलं.

संधिवातानं तुमची बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत, हे तुम्ही यंदा मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलंत. एखादी गोष्ट जमेनाशी झाली की गिटारच दुसरी वाट दाखवते, अशा अर्थाचंही बोललात. या अल्बमवर ती दुसरी वाट ऐकू येते. जागा कमी घेतल्या आहेत, पण घेतलेली एकही वाया गेलेली नाही. तुमच्या आणि रॉनींच्या गिटारी एकमेकींत अशा मिसळतात की कुठली कुणाची हे सांगायला हेडफोन लावून बसावं लागतं. रॉनी, १९७५ पासून तुम्ही हे करत आहात आणि तुमच्या वाट्याला त्याचं श्रेय कमीच आलं. ते इथे नोंदवतो.

आता चार्लींबद्दल. अल्बममधली बारापैकी दोन गाणी, 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वॉर्ड', त्यांनी २०१९ साली वाजवून ठेवलेली आहेत. बाकीच्या गाण्यांवर स्टीव्ह जॉर्डन आहेत. स्टीव्ह उत्तम वाजवतात आणि चार्लींनीच त्यांचं नाव सुचवलं होतं. तरीही ही दोन गाणी लागली की खोलीतली हवा बदलते.

चार्लींच्या हाताची एक लकब होती. रॉकचा ढोलवाला साधारणपणे उजव्या हातानं झांजेवर अखंड ठेका धरतो आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला डाव्या हातानं मधल्या ढोलावर आघात करतो. त्या क्षणी झांज आणि ढोल एकदमच वाजतात. चार्ली तसं करत नसत. डावा हात खाली आला की उजवा हात झांजेवरून अलगद उचलला जाई. झांज तेवढ्यापुरती गप्प, आणि ढोलाचा आघात एकटा, मोकळा ऐकू येई. जुन्या चित्रफिती पाहिल्या तर हा उचललेला हात स्पष्ट दिसतो. तबल्याच्या ठेक्यात खालीला जे महत्त्व, तेच चार्लींनी गप्प ठेवलेल्या त्या झांजेला होतं. जॅझवर वाढलेला हा माणूस रॉकच्या गोंगाटात जागा मोकळी ठेवत होता, आणि तुमचं सगळं संगीत त्या मोकळ्या जागेत नाचत होतं. 'मेस इट अप'मध्ये नाचायला लावणारी ती चाल आहे, आणि 'लिव्ह बाय द स्वॉर्ड'मध्ये तर १९९३ साली बँड सोडून गेलेले बिल वायमन बास घेऊन परत आले आहेत, पियानोवर एल्टन जॉन आहेत. चार्ली आणि बिल पुन्हा शेजारी बसलेले ऐकणं हे आमच्यासारख्यांना अपेक्षेबाहेरचं होतं. त्या गाण्यावर शोककळा नाही हे तुम्ही फार छान केलंत. चार्लींना त्यात मान आहे तो काम करणाऱ्या माणसाचा. त्यांच्या तसबिरीला हार घालून ती भिंतीवर टांगलेली नाही.

त्यांना मी एकदाच समोर पाहिलं. ७ एप्रिल २००३, सोमवार, चर्चगेटचं ब्रेबर्न स्टेडियम. त्या वेळी सार्सच्या साथीमुळे तुमचे हाँगकाँग आणि चीनमधले कार्यक्रम होऊ शकले नाहीत, पण बंगळूरला ४ तारखेला आणि मुंबईला त्यानंतर तुम्ही आलात. ज्यांची गाणी आम्ही बोटीवर नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी मामाकडून मागवून, रेकॉर्डवरून कॅसेटवर उतरवून, काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मध्ये उभ्या उभ्या ऐकून गोळा केली होती, ते लोक आमच्या शहरात आले होते. एप्रिलचा दमट उकाडा, अंगाला चिकटलेले सदरे, ऑफिसातून परस्पर आलेली मंडळी, लोकलनं विरार-कल्याणहून आलेली पोरं. मिक त्या उकाड्यात रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मी मात्र मधूनमधून मागे, ढोलांच्या पलीकडे बसलेल्या त्या शांत माणसाकडे पाहत होतो. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. उजवा हात मात्र दर दुसऱ्या मात्रेला उचलला जात होता.

अल्बमकडे परत येतो, कारण त्याच्या जन्माची हकिगतही शिकण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं तुम्ही अधूनमधून स्टुडिओत जात होतात, पण काही पुरं होत नव्हतं. मग मिक यांनी तारीख घालून दिली. यंदाच्या व्हॅलेंटाइन डेपर्यंत काम उरकायचं, असं ठरलं. पॉल मॅककार्टनी यांच्या शिफारशीवरून अँड्र्यू वॉट हे निर्माते आले. तुमच्या वयाच्या निम्म्याहूनही लहान असलेला हा माणूस रोज स्टोन्सचा वेगळा टी-शर्ट घालून स्टुडिओत येत असे म्हणतात. मला यात गंमत वाटत नाही, आनंद वाटतो. तुमच्या गाण्यांवर वाढलेल्या मुलानं तुम्हाला कामाला बसवलं. मुदतीच्या रेट्यामुळे अल्बमला एक तडफ आली आहे. साधारण पन्नास मिनिटांत बारा गाणी आटोपतात, कुणी घुटमळत नाही.

पाहुणे पुष्कळ आहेत, पण एकही पाहुणा पाटावर मिरवायला बसलेला नाही. 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये खुद्द मॅककार्टनी बास वाजवतात, आणि तोही इतका खरखरीत, चिडलेला की नाव सांगितल्याशिवाय ओळखू येऊ नये. साठच्या दशकात ज्या दोन बँडांचे चाहते एकमेकांशी भांडत, त्यांतली ही माणसं ऐंशीच्या आसपास एका खोलीत जमून पंक पोरांसारखा दंगा करतात. 'होल वाइड वर्ल्ड'मध्ये मिक अस्सल लंडनच्या उच्चारात जुन्या शहराची, फुलहॅममधल्या घाणेरड्या बिऱ्हाडाची आठवण काढतात आणि त्यातून धीर देणारं गाणं घडवतात. 'ड्रीमी स्काइज'मध्ये सगळ्यांपासून दूर जाऊन जुन्या रेडिओवर हँक विल्यम्स ऐकावा असं वाटणारा थकलेला माणूस आहे. तो थकवा अभिनयाचा नाही, म्हणून ते गाणं मला पुन्हा पुन्हा ओढून घेतं.

सगळंच उत्तम आहे असं म्हटलं तर तुम्हालाही ते पटणार नाही. ध्वनिमुद्रण काही ठिकाणी फारच चकचकीत आणि दाबून भरलेलं आहे. १९७२ च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'मधला धुरकट, खोलीत बसून ऐकल्यासारखा आवाज मला इथे हवा होता. 'ड्रायव्हिंग मी टू हार्ड'च्या सुरुवातीला 'टम्बलिंग डाइस' कानात आल्याशिवाय राहत नाही. पण ही तक्रार नव्या अल्बमबद्दल करता येते आहे, हेच मला मोलाचं वाटतं. जुन्या गाण्यांच्या संग्रहाबद्दल तक्रार करायला काही उरलेलंच नसतं.

कीथ गातात ते 'टेल मी स्ट्रेट' तीन मिनिटांचंही नाही. तुमचा आवाज कधीच गोड नव्हता, कीथ, आणि आता तो कोरडा, तळाला गेलेला झाला आहे. त्या आवाजात तुम्ही समोरच्याला खरं काय ते सांगून टाकायला सांगता. तिथे गिटारही फारशी बोलत नाही. ज्यांना रॉक म्हणजे नुसता दणदणाट वाटतो, त्यांना मी हे गाणं आधी ऐकवतो.

त्यानंतर येतं 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'. सात मिनिटांहून लांब असलेलं हे गाणं अल्बमचा कळस आहे, यात मला शंका नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल संगीत ज्या रीतीनं चढत जातं, तशी याची चढण आहे. स्टीव्ही वंडर पियानो आणि कीबोर्डवर आहेत. लेडी गागा त्याच स्टुडिओच्या वास्तूत आपल्या कामाला आल्या होत्या, त्या डोकावल्या आणि गाऊ लागल्या. ही वास्तूही थोर आहे: चार्ली चॅप्लिन यांनी लॉस एंजेलिसमध्ये आपल्या चित्रपटांसाठी १९१७ साली बांधलेला स्टुडिओ. गाणं हळू सुरू होतं, तुतारी-सॅक्सोफोनसारखी वाद्यं येतात, मिक आणि गागा एकमेकांना वर खेचत जातात आणि मग सगळं थांबतं. संपलं असं वाटतं. तेवढ्यात स्टीव्ही वंडरांची बोटं कीबोर्डवर पुन्हा चाळवतात, मिक एक तान टाकतात, गागा ती उचलतात, आणि गाणं दुसऱ्यांदा उभं राहतं. हा शेवटचा भाग आधी ठरलेला नव्हता, तो तिथल्या तिथे झाला. ख्यालाची बढत आणि रॉकचं बांधलेलं गाणं असा फरक मी वर केला, तो या दोन मिनिटांपुरता पुसला जातो. १९६९ च्या 'गिमी शेल्टर'मध्ये मेरी क्लेटन यांनी असाच आभाळ फाडणारा सूर लावला होता. चोपन्न वर्षांनी त्या तोडीचं दुसरं युगलगान तुमच्या हातून घडलं. मिक, ऐंशीव्या वर्षी तुम्ही त्या सुरापर्यंत पोचता तेव्हा आवाजाला कडा फुटतात, आणि त्या तुम्ही तशाच ठेवल्यात. फार बरं केलंत.

शेवटचं गाणं फक्त दोघांचं आहे. मिक यांचं माउथ ऑर्गन आणि आवाज, कीथ यांची गिटार. मडी वॉटर्स यांचं १९५० सालचं 'रोलिन स्टोन', शिकागोच्या चेस कंपनीनं काढलेलं. तुमच्या बँडचं नाव तिथूनच आलं. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर तुम्ही दोघं भेटलात तेव्हा मिक यांच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्ड होत्या. त्या भेटीला बासष्ट वर्षं होऊन तीन दिवस लोटले आणि हा अल्बम आला. इतकी वर्षं तुम्ही हे गाणं कुठल्या अल्बमवर घेतलं नव्हतं. आता घेतलंत ते झगमगाट न करता, गुरूसमोर बसून म्हणावं तसं.

हे ऋण तुम्ही कधी लपवलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे. ब्लूज हे मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबलेल्या माणसांचं संगीत. अमेरिकेतली गोरी मुलं ते ऐकत नव्हती, तेव्हा तुम्ही १९६४ साली थेट शिकागोला जाऊन चेसच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलंत. १९८१ साली पुन्हा शिकागोत आलात तेव्हा तिथल्या एका छोट्या क्लबात मडी वॉटर्स यांच्या मागे उभं राहून वाजवलंत. स्टेडियमं भरवणारी माणसं तिथे साथीला उभी होती. त्या कार्यक्रमाची चित्रफीत आहे, ती पाहिली की तुमच्या चेहऱ्यांवरचा आनंद शिष्याचा आहे हे कळतं. आमच्याकडे गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. या अल्बमच्या शेवटी तुम्ही तेच केलंत.

'आता पुरे' असं म्हणणाऱ्यांना मी एकच विनंती करतो. स्टोन्सचं वय बाजूला ठेवून हे शेवटचं गाणं आणि त्याआधीची अकरा गाणी ओळीनं ऐका. मोबाइलवर एखादं गाणं अर्धवट ऐकून पुढे सरकू नका. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या ब्लूजपर्यंत जो क्रम लावला आहे तो विचारपूर्वक लावलेला आहे. गोंगाटातून निघून दोन म्हाताऱ्या मित्रांच्या एकांतापर्यंतचा तो प्रवास आहे, आणि तो मधून पकडला तर हाती लागत नाही. घरात तरुण मुलं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा. त्यांना जुनी गाणी माहीत असण्याची काहीच गरज नाही.

आणि तुम्हा तिघांना दोन मागण्या.

पहिली, येत्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनपासून तुमचा नवा दौरा सुरू होतो आहे आणि त्याला नाव याच अल्बमचं आहे. तेव्हा या अल्बममधली गाणी प्रत्येक ठिकाणी वाजवा, भरपूर वाजवा. लोक 'सॅटिस्फॅक्शन'साठी ओरडतील, ते शेवटी द्याच. पण 'होल वाइड वर्ल्ड' आणि 'टेल मी स्ट्रेट' त्यांना ऐकून घ्यायला लावा. नव्या गाण्याच्या वेळी उठून बाहेर जाणारा श्रोता तुमच्या संगीतासाठी आलेलाच नसतो.

दुसरी, पुढच्या अल्बमचं बरंच काम झालं आहे असं मिक यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. ते पुरं करा. चार्लींनी वाजवून ठेवलेलं आणखी काही असेल तर तेही आम्हाला ऐकू द्या. पुन्हा अठरा वर्षं लावू नका. मिक, यंदा जशी तारीख घालून दिलीत तशीच पुढची तारीखही आजच ठरवा.

आपला,
मुंबईतला एक जुना श्रोता